चिमणीची उंची किती?

कंपोस्टमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडणं अवघड नाही. निळं पिंप, घट्ट झाकण, खालून हवा देणारा छोटा ब्लोअर, वरून नळी. आत मार्केट यार्डातला भाजीपाला, थोडं कोंबडखत आणि शिंप्यांकडच्या सुती चिंध्या. पिंप तापलं की नळी चुन्याच्या निवळीत धरायची, निवळी दुधाळ झाली म्हणजे वायू येतोय.

अडलं ते प्रयोगशाळेच्या खिडकीवर.

धायरीत ओळखीच्यांचं पॉलिहाउस, म्हणजे प्लास्टिकने झाकलेलं हरितगृह आहे. हा वायू तिथल्या झाडांना द्यायचा बेत. त्यांची अट एकच, ‘अमोनिया किती आहे त्याचा कागद आणा, मग सोडा.’ रास्तच, अमोनियाने पानं करपतात. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर मात्र माती, पाणी, खत एवढेच रकाने. वायू म्हटल्यावर खिडकीवरच्या गृहस्थांनी दुसराच फॉर्म सरकवला: इंधन कोणतं, बॉयलर केवढा, चिमणीची उंची किती.

“अहो, चिमणी नाही, अर्ध्या इंची नळी आहे.”

“मग नळीची उंची टाका, काका.”

टाकली. फॉर्म परत, ‘इंधन नमूद नाही’. भेंडीचे देठ लिहू का, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग साहेब रजेवर, मग साहेब साइटवर, मग मार्चएंड. फी आधीच भरलेली, ती परत मिळत नाही. तुम्ही आधी भरू नका.

सुटका केली आतल्या केमिस्ट मॅडमनी. “गॅस आणूच नका. सौम्य सल्फ्युरिक आम्लातून हवा बुडबुडू द्या, अमोनिया त्यात अडकतो. ती बाटली पाण्याचा नमुना म्हणून द्या, अमोनिकल नायट्रोजन तपासू.” पाण्याच्या रकान्यात खूण केली आणि रिपोर्ट निमूट आला! हवा किती लिटर सोडली ते मात्र लिहून ठेवा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि बाटलीवर ‘आम्ल’ असं ठळक लिहा.

अमोनिया जास्तच निघाला. कोंबडखत कमी केलं, चिंध्या वाढवल्या. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं, आणि सुती कापडात नायट्रोजन जवळपास नसतोच. आम्लाची बाटली आता नळीवर कायमचीच ठेवलीय.

हो, चिंध्यांचं राहिलं. एक धागा जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शिवणी कापून टाका, दोरा बहुधा पॉलिस्टरचाच असतो. स्ट्रेच जीन्स कुणी फुकट दिली तरी नको.

वायू सकाळी, ऊन आल्यावर आणि पॉलिहाउसचे हवेसाठीचे पडदे उघडायच्या आधी सोडायचा, नाहीतर तो बाहेर जातो. रात्री झाडं तो वापरत नाहीत. बाहेरच्या हवेत तो सुमारे 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग असतो, आत 800 ते 1000 पुरतो. पुण्याच्या उन्हाळ्यात पडदे लवकर उघडावे लागतात, म्हणजे खरा उपयोग थंडीतच. यावर ‘मग सगळा चुन्यातच अडकवा की’ म्हणणारे भेटतात. पण चुनखडी भाजून चुना करताना तेवढाच वायू आधी बाहेर पडलेला असतो, वर भट्टीचं इंधन वेगळं.