नव्या डिझाइनसाठी वेळ कुठून आणायचा? – माझा अनुभव

चांदीचे दागिने स्वतःच्या हाताने घडवून विकण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. घडण, हिशेब, छायाचित्रे, पार्सल बांधणे ही सगळी कामे माझ्याकडेच असतात. ऑर्डरी वाढल्या तसे नवे काही सुचणे कमी होत गेले, तेव्हा प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे मी काही आठवडे वहीत टिपून ठेवले. त्या नोंदींवरून असे दिसले की घडणीचे तास फारसे वाढलेले नव्हते. वाढले होते ते मधूनमधून घ्यावे लागणारे किरकोळ निर्णय. या कानातल्यांना कोणती तार, हा खडा कोणत्या बाजूने बसवायचा, या ग्राहकाला काय उत्तर द्यायचे, अशा प्रश्नांमध्येच डोके शिणून जात होते आणि डिझाइनच्या वेळी त्यात काही उरत नव्हते. म्हणून ठरवण्याचे काम आणि घडवण्याचे काम शक्य तेवढे वेगळे करायचे, असे मी ठरवले.

नेहमी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगासाठी मी एक कार्ड तयार केले. त्यावर तारेची जाडी, तुकड्याची लांबी, डाखाचा (म्हणजे सांधे जोडण्यासाठी वितळवायच्या मिश्रधातूचा) प्रकार आणि खड्याचे माप लिहिलेले असते. उदाहरणार्थ, कानातल्याचा हूक 20 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीच्या तारेचा. कार्ड हाती घेतले की विचार करायचा नाही, फक्त काम करायचे. त्यानंतर एकेक नग पूर्ण करण्याऐवजी मी टप्प्याटप्प्याने काम करू लागले: एका बैठकीत सगळ्या तारा कापायच्या, दुसऱ्या बैठकीत सळईवर तार गुंडाळून तिच्या कड्या करवतीने कापायच्या, आणि डाख देण्याचे काम शेवटी एकत्र करायचे. सर्वाधिक वेळ वाचला तो या शेवटच्या टप्प्यात. दागिन्यांची चांदी 92.5 टक्के शुद्ध असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः तांबे असते. तापवल्यावर ते तांबे पृष्ठभागावर काळे पडते. त्यामुळे एक सांधा असो वा तीस, टाकणखार लावणे, ज्योत पेटवणे, पाण्यात विझवणे आणि सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात नग स्वच्छ करणे ही सगळी मांडामांड करावीच लागते. एकाच नगाला अनेक सांधे असतील, तर उच्च तापमानाला वितळणारा डाख आधी आणि कमी तापमानाचा नंतर वापरावा लागतो, नाहीतर पहिला सांधा पुन्हा सुटतो; हा क्रमही आता कार्डावरच असल्याने तो दरवेळी आठवावा लागत नाही. पॉलिशचे काम पोलादी छर्‍यांच्या फिरत्या डब्याकडे सोपवले. त्यात चकाकी तर येतेच, शिवाय वरचा थर थोडा कडकही होतो.

दोन कामे मात्र मी मुद्दाम या पद्धतीबाहेर ठेवली: हातोडीने पोत उठवणे आणि कोंदण. नैसर्गिक खड्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे कोंदणाची पट्टी प्रत्येक खड्याला मापूनच कापावी लागते. आणि हातोडीचे घाव सलग तासभर घातले की ते एकसुरी होतात. ग्राहक घडणावळ देतो ती ज्या गोष्टीसाठी, तिथेच घाई करण्यात मला अर्थ दिसत नाही. उलट साखळ्या मी तयार विकत घेते आणि तसे ग्राहकांना स्पष्ट सांगते. अजून तरी त्यावरून कोणी तक्रार केलेली नाही.

सर्वात कठीण गेले ते खास मागणीनुसार बनवायच्या दागिन्यांचे काम. त्यांत घडणीपेक्षा निरोपांची देवाणघेवाणच मोठी असते. आता आकार माझा असतो. ग्राहकाने खडा आणि लांबी निवडायची, एवढीच मोकळीक मी देते आणि निरोपांना दिवसातून एकाच वेळी उत्तरे देते. दुसऱ्या कोणाचे डिझाइन हुबेहूब करून देण्यास मी नकार देते.

डिझाइनसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. माझ्या बाबतीत तो फारसा लागू पडला नाही. कोऱ्या कागदासमोर बसून मला काही सुचत नाही. सुचते ते एकसारखे काम हातून होत असताना, एखादा उरलेला तुकडा विचित्र वाकलेला दिसला की. तो तुकडा मी तेव्हाच पुढे नेत नाही; शेजारच्या तबकात टाकते आणि हातातली खेप संपल्यावरच तबक उघडते. निम्मे तुकडे तेव्हा निरर्थक वाटतात आणि वितळवण्याच्या डब्यात जातात. उरलेल्यांचा नमुना तांब्यात करते. तांबे स्वस्त असते आणि ठोकल्यावर चांदीसारखेच कडक होते, तापवल्यावर मऊही पडते. मात्र तोच नग चांदीत साधारण 15 टक्क्यांनी जड होतो, त्यामुळे कानातल्यांचे वजन आधीच हिशेबात घ्यावे लागते.

नमुना करताना लागलेला वेळ नोंदवते आणि त्यावरूनच घडणावळ ठरवते. प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचार करावा लागणारा नग कार्डावर येत नाही. तो एकुलता एक राहतो आणि त्याची किंमतही त्यानुसार लावते. कार्डांची संख्या मी वाढू देत नाही, त्यामुळे एक नवे आले की एक जुने काढावे लागते. काढताना मी सर्वात कमी खपणारे डिझाइन शोधत नाही. ज्याला सांधे फार लागतात आणि त्या मानाने घडणावळ मिळत नाही, ते आधी जाते, मग त्याला मागणी कितीही असो.