हिवरे बाजार: आधी पाण्याचा ताळेबंद, मग बाजार

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शेतकरी गटातील आम्ही सात जण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला जाऊन आलो. जमीन आणि पाणी जपणारे गाव बाजारासाठी पिकवते तेव्हा मर्यादा कुठे आखते, एवढाच प्रश्न मनात होता. नगर शहरापासून गाव वीस किलोमीटरच्या आत आहे. आम्ही सकाळी आधी नगरजवळच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचे लिलाव पाहिले आणि मग गावाकडे वळलो. हा क्रम योगायोगाने जमला, पण मागून जाणाऱ्यांनी तो मुद्दाम ठेवावा, कारण भाव, प्रतवारी, हमाली आणि तोलाई डोळ्यांसमोर असली की शिवारात विचारायचे प्रश्न आपोआप नेमके होतात. लिलावाचे वार मात्र आधी विचारून घ्यावेत.

हे गाव पर्जन्यछायेतील आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर इथली अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडली होती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर बांध आणि पाझर तलाव अशी कामे झाली. ही कामे आता पुष्कळ गावांत दिसतात. इथले वेगळेपण कामांनंतरच्या नियमांत आहे. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत, कुऱ्हाड चालवायची नाही. पावसाळा संपल्यावर पर्जन्यमापकाची नोंद आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. त्यात माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याच्या पिकांना कात्री लागते.

आमच्यातला एक जण दिसेल त्याला एकरी नफा विचारत होता. एका वयस्क शेतकऱ्याने त्यालाच उलट विचारले, ‘तुमच्याकडे यंदा पाऊस किती मिलिमीटर झाला?’ सातही जण गप्प राहिलो. कांद्याचा कालचा भाव मात्र सगळ्यांना पाठ होता.

माझ्या मते या गावाच्या बाजारनीतीचा खरा कणा कांदा नसून दूध आहे. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढले, ते कापून आणून गोठ्यात घालायची पद्धत बसली आणि १९९० च्या दशकात दिवसाला १५० लिटरच्या आसपास असलेले दूध पुढे ४००० लिटरपर्यंत गेले. जमिनीच्या जपणुकीतून थेट नियमित पैसा येण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मी पाहिलेले नाही. कांदा आणि भाजीपाल्याचे तसे नाही, कारण ताळेबंद पाणी किती वापरायचे ते सांगतो, पण भाव पडला तर त्यावर त्याच्याकडे उत्तर नसते. सकाळी लिलावात पाहिलेले पडलेले चेहरे शिवारात फिरतानाही आठवत होते.

आम्ही न कळवता गेलो, ही आमचीच चूक. माहिती देणारे माणूस मोकळे होईपर्यंत दोन तास थांबावे लागले. ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी कळवावे आणि सोबत किती माणसे, कोणत्या पिकाचे शेतकरी, हेही सांगावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सोयीचा, कारण ताळेबंद ताजा असतो आणि चरांत ओल दिसते. मात्र ताणाच्या दिवसांत पाणी कसे पुरवून वापरतात हे पाहायचे असेल तर एप्रिल-मेमध्ये दुसरी फेरी करावी. डोंगरावर चढायचे असल्याने जाड तळव्यांचे बूट घालावेत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. निघण्यापूर्वी आपल्या गावचा पाऊस, विहिरींची पातळी आणि पीकनिहाय क्षेत्र एका कागदावर लिहून न्यावे, कारण तिथल्या माणसांशी बोलणे त्या आकड्यांवरूनच सुरू होते.