आमची वाटचाल : डिप पट्टीपासून रिपोर्टपर्यंत

2014 ला मी आणि माझा पार्टनर, दोघांनी पुण्याजवळ नऱ्ह्यात एका गाळ्यात काम सुरू केलं. बांधकामाच्या साइटवरून किती कार्बन सुटतो ते मोजतो म्हटलं की लोकं विचारायची, पीयूसीवाले का? सामान म्हणजे वायरीतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, जुना लॅपटॉप आणि पार्टनरने बनवलेली ॲल्युमिनियमची डिप पट्टी, म्हणजे टाकीत बुडवून डिझेल किती आहे ते बघायची पट्टी. डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची टाकी आडवी गोल असली की तळाच्या सेंटीमीटरमधे डिझेल कमी मावतं आणि मधल्या सेंटीमीटरमधे जास्त, म्हणून त्याने पाच-पाच लिटर ओतून एकेक खूण पाडली, दोन दिवस तेच चाललं होतं. लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, पट्टी चुकली की पुढचं सगळं एक्सेल चुकलं.

2019 ला मात्र संपलोच होतो. एका मोठ्या टॉवरचं काम होतं, आम्ही गेट रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या, बॅचिंग प्लांटच्या (जिथे काँक्रीट बनतं) प्रिंट, म्हणजे प्रत्येक घाण्यात काय किती पडलं त्याच्या, सगळं बसून लावलं आणि आकडा जास्त आला. दुसऱ्या एका कन्सल्टंटने ऑफिसात बसून नुसत्या बीओक्यूवरून (कामाला काय किती लागेल त्याची यादी) रिपोर्ट दिला, वाहतूक नाही, डीजी नाही, फ्लाय अॅश, म्हणजे कार्बन कमी करायला सिमेंटच्या जागी घालतात ती कोळशाची राख, सगळीकडे 30 टक्के धरलेली! प्रिंटमधे कित्येक बॅचला ती निम्मीपण नव्हती. क्लायंटला त्याचा आकडा आवडला, आमचं साडेचार लाखांचं बिल अडकलं. पार्टनरने स्वतःची बाइक विकून दोन पोरांचे पगार केले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हा चिंचवडचे एक छोटे बिल्डर, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, मालाच्या डिलिव्हरी चलनांची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले आकडा मोठा आला तरी चालेल, खरा काढा. त्यांच्याकडे एम 30 ग्रेडच्या काँक्रीटला घनमीटरमागे 350 किलो ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट जात होतं, 100 किलोच्या जागी फ्लाय अॅश घातली, सिमेंटच्या किलोला साधारण 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड धरलं तरी घनमीटरमागे 90 किलो वाचले. स्ट्रेंथ सावकाश येते, सेंट्रिंग जास्त दिवस अडकतं म्हणून कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, तर काकांनी जादा प्लेटांचं भाडं स्वतः भरलं.

नवीन पोरांना सांगतो, चलनावर एम 30 दिसलं की थांबू नका, बॅच प्रिंट मागाच. मिक्सर रिकामा परत जातो ते किलोमीटरपण धरा. डिझेलचं बिल म्हणजे खप नव्हे, रोज सकाळी डीजी सुरू व्हायच्या आधी डिप घ्या आणि शेजारी अवर मीटर (डीजी किती तास चालला ते दाखवतो) लिहा.

2022 ला ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, 2023 ला कार्बन क्रेडिटची योजना आली, त्यात सिमेंट कारखाने आले. चांगलंच झालं, पण कारखान्याच्या गेटबाहेर पडल्यावर मिक्सर, क्रेन, डीजी यांचा हिशोब कोण ठेवणार? तोही सक्तीचा करा असं आम्ही दहा वर्षं सांगतोय.

त्या टॉवरवाल्यांचा मागच्या महिन्यात नव्या प्रोजेक्टसाठी फोन आला. आधी जुने साडेचार लाख जमा करा म्हटलं. अजून आले नाहीत.