चीक पांढरीचा, पिल्लं काळीची

मे महिना. उदगीरच्या पुढं एका शेतावर पोचलो तेव्हा पांढरी डुकरीण नुकतीच व्याली होती. दहा पिल्लं, सगळी जिवंत. मालकाची आई टोपल्यात आणखी सात पिल्लं घेऊन उभी. ती काळीची, परवा रात्री झालेली.

"मावशी, काय करायलाव?"

"हिचा चीक पाजते की यांना. तुम्हीच म्हणलाव, हिला सुई दिलीय, काळीला नाही."

म्हणालो होतो खरं. आदल्या वर्षी स्वाइन फीवरनं त्यांचा वाडा रिकामा केला होता. फणफणता ताप, कानापोटावर जांभळे डाग, मागचे पाय लटपटायचे. त्यावर औषध नाही. म्हणून पांढरीला नराकडं सोडण्याआधीच लस दिली. काळी बाजारातून गाभणच आणलेली. लस जिवंत विषाणूची, गाभणीला टोचायचं धाडस मी केलं नाही.

मावशींचं डोकं बरोबर चाललं होतं, वेळ टळली होती. डुकराच्या पिल्लाला पोटात असताना आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही, गर्भाशयातली वार ती पलीकडं जाऊच देत नाही. मिळतं ते चिकातून. आणि आतडं ते जसंच्या तसं रक्तात घेतं जेमतेम पहिला दिवस-दीड दिवस. "परवाच बोलवायचं की," हे ओठांवर आलेलं गिळलं. परवा पांढरी कुठं व्याली होती!

टोपलं परत पाठवलं. पांढरीची दोन पिल्लं अगदीच किरकोळ, दांडगी भावंडं त्यांना सडाला टेकू देईनात. पाच दांडगी तासभर डालग्याखाली झाकली आणि बारक्यांना सडाला लावून बसलो. मावशी म्हणाल्या, "म्हशीचा असता तर खरवस केला असता." पाच-सहा वेळा निसटल्यावर दोघंही चोखायला लागली.

निघताना सांगितलं, काळीच्या पिल्लांना पंधरा दिवसांनी लस, पांढरीच्यांना दोन महिन्यांनी.

"उलटं सांगायलाव. टोचलेल्या मायची पिल्लं मागून?"

"मायनं दिलेलं अंगात हाय तोवर ते माझी लसच मारून टाकतंय. ते उतरू द्या."

मावशी थोडा वेळ गप्प. पोरानं पत्र्यावर कोळशानं दोन तारखा लिहिल्या.

"आन् काळीला कवा?"

"पिल्लं दुधावरून तोडली की. पुन्हा नराकडं सोडायच्या आधी."

त्यानं तिसरी ओळ लिहिली, तारखेची जागा मोकळी सोडून.