नायट्रिकचं नायट्रस करणारं टेबल

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, थीसिसला प्राण्यांवरचा प्रयोग घेऊ का?" म्हटलं, घे, फक्त विषयाच्या नावात नायट्रिक ऑक्साइड नको. तो हसला. मला अजूनही हसू येत नाही.

मी फिजिऑलॉजीत एमडी केलं. आयसोफ्लुरेनची भूल दिलेल्या उंदरांच्या रक्ताभिसरणात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा किती, हा माझा विषय. आयसोफ्लुरेन दिलं की रक्तदाब उतरतो, हे कुठलाही भूलतज्ज्ञ सांगेल. हृदयाचा जोर कमी होण्यापेक्षा रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे तो जास्त उतरतो. हॅलोथेन या भुलीच्या जुन्या औषधाचं याच्या उलट. आणि वाहिन्या सैल करणारं रसायन शरीर स्वतःच बनवतं. वाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, तो शेजारच्या स्नायूत झिरपतो, स्नायू सैलावतो आणि काही सेकंदांत वायू नाहीसाही होतो. शरीरात बनतो, शरीरातच संपतो. पुढचे चार महिने मी हे वाक्य एकाच टेबलासमोर उभी राहून सांगत होते.

गाइड, सिनॉप्सिस, विभागप्रमुखांची सही हे पंधरा दिवसांत उरकलं. मग प्राणी नैतिकता समितीचा फॉर्म बी भरून कार्यालयात दिला.

तीन आठवड्यांनी फाइल त्रुटी लावून परत. 'वायूच्या सिलिंडरचा साठा कोठे करणार, याचा खुलासा करावा व सुरक्षा प्रमाणपत्र जोडावे.'

कसला सिलिंडर? खाली गेले. टेबलावरचे काका आधी स्टोअरला होते. "मॅडम, नायट्रस ऑक्साइड ना? थिएटरला निळे सिलिंडर येतात. हास्यवायू." फॉर्मवर पाहिलं तर माझ्या 'नायट्रिक'वर निळ्या पेनाने काट मारून 'नायट्रस' केलेलं. पहिल्या पानावर, तिसऱ्या पानावर, सगळीकडे. माझंच स्पेलिंग चुकलं असं समजून त्यांनी माझ्यावर उपकार केले होते!

मी समजावलं. नायट्रसमध्ये नायट्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक, आणि तो भूल देताना हुंगायला देतात. नायट्रिकमध्ये दोन्हींचा एकेक. मी तो हुंगायला देणार नाही, उंदीर स्वतः बनवतात. काका गंभीर झाले. "उंदीर वायू बनवतात, हे लेखी द्या."

लेखी दिलं. या वेळी टायपिस्टला सोपं जावं म्हणून इंग्रजी पत्रात सगळीकडे संक्षेप वापरला, मोठी एन, मोठा ओ. टायपिस्टने दोन्ही अक्षरं छोटी केली. समितीच्या विषयपत्रिकेवर माझा विषय छापून आला तो 'रक्ताभिसरणात नो-ची भूमिका' असा. काका म्हणाले, "भूमिकाच नाही तर प्रयोग कशाला?" ते गंमत करत होते की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी त्रुटी समितीतल्या एका सरांची, आणि ती मात्र रास्त होती. नवजात बाळांच्या फुप्फुसांतला दाब उतरवायला नायट्रिक ऑक्साइड खरोखर सिलिंडरमधून देतात, साधारण २० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग. रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडतं, म्हणून त्याचा परिणाम फुप्फुसांपुरता राहतो. सरांना वाटलं, मी तेच करणार. मी करणार होते नेमकं उलट. एल-नेम नावाचं औषध देऊन शरीरातलं नायट्रिक ऑक्साइडचं उत्पादन थांबवायचं आणि दाबाचं काय होतं ते पाहायचं. शेवटी एल-नेमची बाटली पर्समध्ये घालून घेऊन गेले. करंगळीच्या पेराएवढी बाटली, तळाशी पांढरी पूड. टेबलावर ठेवली. "काका, हा माझा सिलिंडर." त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि फाइल पुढे सरकवली.

तरी बैठक होईना. केंद्राच्या समितीने नेमलेला प्रतिनिधी हजर नसला तर बैठक भरत नाही, आणि दोनदा ते येऊ शकले नाहीत. इथे कुणाचाच दोष नाही, पण ही तारीख आधी विचारा आणि त्याच्या मागेपुढे आपलं वेळापत्रक बसवा. हां, आणि आवक क्रमांक पहिल्याच दिवशी स्वतःच्या प्रतीवर लिहून घ्या. मी घेतला नव्हता. मधे फाइल एक आठवडा 'कुठे आहे बघतो'मध्ये होती.

प्रत्यक्ष बैठक पंधरा मिनिटांची. पशुवैद्य सदस्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मला घाम फुटला. "एल-नेम दिल्यावर जाग्या उंदराचाही दाब वाढतो. मग भुलेतली वाढ आयसोफ्लुरेनमुळे दिसते की एरवीचीच आहे, हे कसं ओळखणार?" मुद्दा बिनतोड होता. वेगळ्या काढलेल्या रक्तवाहिन्यांवरच्या प्रयोगांत हॅलोथेन, आयसोफ्लुरेन उलट अस्तराचा हा सैलावण्याचा मार्ग दाबतात असंच दिसलेलं आहे. म्हणजे आयसोफ्लुरेन नायट्रिक ऑक्साइड वाढवून दाब उतरवतं, असं सरळ म्हणताच येत नाही. जाग्या उंदरांचा गट घातला, १८ चे २४ उंदीर झाले, आणि त्याच संध्याकाळी मंजुरी. चार महिन्यांत विज्ञानाचा खरा प्रश्न हा एवढाच विचारला गेला.

प्रयोगाचं फार सांगत नाही. धमनीतली नळी हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सलाइनने धूत राहा, नाहीतर गुठळी होते आणि पडद्यावरची रक्तदाबाची रेघ चपटी दिसली की वाटतं उंदीर गेला. गरम पॅड विसरू नका, भुलेत ते पटकन गार पडतात. पहिल्या उंदराला एल-नेम दिलं तेव्हा रेघ हळूहळू चढत गेली. एल-आर्जिनिन दिल्यावर परत खाली यायला लागली. ॲनिमल हाउसचे मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "नळ सोडल्यासारखं झालं की."

मंजुरीच्या प्रमाणपत्रावर अर्थातच 'नायट्रस ऑक्साइड' आहे. शुद्धिपत्रक मिळायला आणखी सहा आठवडे लागले. थीसिसच्या शेवटी दोन्ही जोडले आहेत. शुद्धिपत्रकात नायट्रिक बरोबर आहे, माझं आडनाव चुकलंय. ते मी तसंच राहू दिलं.