असंच घालायला

सांगलीत मे महिन्यातल्या संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा, निम्मे बाप्ये लुंगीत दिसतील. कुणी कट्ट्यावर पेपर वाचतोय, कुणी पाइप धरून अंगण भिजवतोय, कुणी दुधाची पिशवी घेऊन डेअरीवरून येतोय. चौकड्याची लुंगी, गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, वर बनियन. वळूनसुद्धा कुणी बघत नाही. पण ह्या लुंगीलाही हद्द असते. डेअरीपर्यंत चालते, किराणा दुकानापर्यंत रेटून नेता येते, बँकेत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण प्रत्येकाला बरोबर कळतं. विश्रामबागेकडं जायचं निघालं की गडी आत जाऊन पँट चढवून येतो.

माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे. यंदा सुट्टीला येताना त्यानं स्कर्ट आणला. लुंगी नव्हे, धोतर नव्हे, सरळ स्कर्ट. काळा, जाड सुती, पुढं सपाट, मागं चुण्या, गुडघ्याखाली चार बोटं. ऑनलाइन मागवलेला, त्यामुळं कमरेला ढगळ, आणि खिसा एकही नाही. "आत्या, तुझ्या टेलरकडं जाऊ या की," म्हणाला.

माझा टेलर लेडीज. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. त्यानं स्कर्ट उलटा करून शिवण बघितली आणि "होतंय की" म्हणाला. मग घालणार कोण ते कळलं. "नाही ओ ताई, जेन्टसची मापं आपण घेत नाही." चार दुकानं सोडून जेन्टस टेलर. तो म्हणाला, "आपल्याकडं लेडीज कपडा होत नाही." एकाला कंबर चालेना, दुसऱ्याला कापड.

शेवटी गावभागातल्या एका ड्रेपरीवाल्या काकांकडं गेलो. नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला ते ड्रेस भाड्यानं देतात. एकाच दोरीवर मावळ्यांचे अंगरखे आणि गवळणींचे घागरे, खाली पुठ्ठ्याच्या मुकुटांचा ढीग. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, भाच्याच्या कमरेला टेप लावली, टेपेच्या आत दोन बोटं घालून ढिलाई बघितली. "नेफ्यात इलास्टिक घालू का हूक लावू? खिसे बाजूच्या शिवणीत घेतो, चांगले खोल घेतो. मोबाइल राहील." बाप्याच्या कमरेला घेर, ह्याचं त्यांना काडीचं नवल नव्हतं. वहीत नाव लिहिता लिहिता विचारलं, "पार्ट कुठला हाय?"

"पार्ट नाही काका, असंच घालायला."

पेन थांबलं. "असंच?"

तिथंच सगळं घोडं अडतं. पुरुषानं घेर घालायला आपली मुळीच ना नाही, फक्त त्याला कारण लागतं. पोतराज गल्लीत येतो, कमरेला रंगीबेरंगी खणांचं आभरान, पायात चाळ, हातात आसूड. त्याच्या घागऱ्याला कोण हसतं? बायका सुपातून जोंधळे आणून घालतात, पाया पडतात. मरीआईचं कारण आहे. यल्लम्माचा जोगता तर साडीच नेसतो, तिथंही देवीच. नाटकाचं म्हणाल, तर 1843 साली ह्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला तेव्हा सीतेचं काम पुरुषानंच केलं होतं. नागठाण्याच्या बालगंधर्वांना बघून घरच्या बायका साडी कशी नेसायची ते शिकल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे बाप्याकडून शिकायला हरकत नव्हती, फक्त मध्ये पडदा हवा.

बाहेरच्या देशातही तेच. स्कॉटलंडचा किल्ट घ्या, तिथल्या बाप्यांचा चुण्यांचा घेर. पुऱ्या घेराच्या किल्टला आठ वार कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. बंडखोर डोंगरी लोकांची खोड मोडायची म्हणून इंग्रजांनी 1746 साली कायदा करून त्यांच्या पोशाखावर बंदी घातली, ती 1782 पर्यंत टिकली. पण राजाच्या पलटणीत भरती झालेल्याला किल्टची मोकळीक होती. राजासाठी मरायला निघालेल्याचे गुडघे उघडे पडले तर चालतात.

पॅरिसच्या ज्याँ पॉल गोतिए ह्या फॅशन डिझायनरनं 1985 मध्येच पुरुषांसाठी स्कर्ट काढले. 2002 मध्ये लंडनच्या आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये पुरुषांच्या स्कर्टचं प्रदर्शन भरलं. म्युझियमपर्यंत पोचला म्हणजे रस्त्यावर अजून रुळलेला नाही, असंच समजायचं.

2017 च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये उन्हाचा कहर झाला. नांत शहरातल्या बस ड्रायव्हरांना हाफपँट घालायला मनाई होती, बाई ड्रायव्हरांना मात्र स्कर्टला परवानगी. गड्यांनी सरळ स्कर्ट चढवले आणि बसगाड्या चालवल्या. कंपनीनं हाफपँट मंजूर केली. मला ही बातमी तेव्हा फार आवडली होती. आता वाटतं, स्कर्ट तिथं नुसता मोर्चाचा फलक होता, मागणी हाफपँटचीच. 2022 मध्ये ब्रॅड पिट बर्लिनला सिनेमाच्या खेळाला तागाच्या स्कर्टमध्ये आला, तर त्यालाही "का?" म्हणून विचारलंच. वाऱ्यासाठी, म्हणाला बिचारा. एवढ्या मोठ्या नटाचीही कारणातून सुटका नाही.

कारणं आम्हीही दिलीत म्हणा. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा जीन्स घेतली, तेव्हा घरी सांगितलं की सायकलवर बरी पडते. आवडली म्हणून घेतली, असं म्हणायची टाप नव्हती.

स्कर्ट दुरुस्त होऊन आला. भाच्याला तो छान दिसतो. बुटांवर नाही, कोल्हापुरीवर. दादा कट्ट्यावर लुंगी गुडघ्याच्या वर घेऊन बसला होता. लेकाला म्हणाला, "बाहेर जाताना जरा नीट काहीतरी घाल." भाच्यानं बापाच्या गुडघ्यांकडं बघितलं आणि काही बोलला नाही. वहिनीची काळजी वेगळी, ह्या चुण्यांना इस्त्री कोण करणार?

आम्ही दोघं ॲक्टिव्हावर भडंग आणायला निघालो. आयर्विन पुलाच्या तोंडाशी कृष्णेवरचा वारा आला आणि पोराची तारांबळ उडाली. एका हातानं हँडल, एका हातानं घेर. मागून मी शिकवत होते: पुढचा भाग मांडीखाली दाबून बस, गुडघे जवळ घे, सिग्नलला पाय टेकताना आधी कापड सावर. बाप्याला एवढं जपून बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. भडंगवाल्यानं वजन करता करता वर-खाली बघितलं. "डान्सबिन्स हाय काय कुठं?"

"होय," मी म्हणून टाकलं. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

भाचा परत पुण्याला गेला. त्याच्या स्कर्टला काकांनी लावलेले खिसे मी आत हात घालून बघितले होते, मनगटापर्यंत हात गेला. माझे चार पंजाबी ड्रेस खिसे लावायला त्यांच्याकडंच टाकलेत. आमच्या लेडीज टेलरला कितीदा सांगितलं, त्याचं आपलं एकच, "खिशानं फिटिंग बिघडतंय ताई." काका बुधवारी देतो म्हणालेत. म्हणजे त्याच्या पुढच्या बुधवारी.