यकृताच्या पेशंटचा बीएनपी वाचताना

हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षं राहून सिरोसिस (यकृत आक्रसून कडक होणं) झालेल्या पेशंटला धाप लागली की एनटी-प्रोबीएनपी पाठवला जातो. हृदयाचा स्नायू ताणला की तो बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी रक्तात सोडतो. समजा, ७०० आला. रिपोर्टवरचा बाण बघून घरचे हादरतात. एवढ्यावरून ‘हार्ट फेल’ म्हणणं चूक, आणि ‘लिव्हरमुळे असेल’ म्हणून सोडून देणं त्याहून चूक.

‘लिव्हर खराब, म्हणून बीएनपी रक्तात साचतो’ असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात हृदयच तो जास्त बनवत असतं. सिरोसिसमध्ये पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, हृदयाला जास्त रक्त फेकावं लागतं आणि स्नायू ताणला जातो. वाहिन्या सैल असल्यामुळे समोरचा दाब मात्र कमी असतो, त्यामुळे इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा, ६० टक्के दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. खरी कुवत कळते ती टिप्स (यकृतातून रक्ताला वाट करून देणारी नळी) केल्यावर, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) भराभर चढवल्यावर किंवा ट्रान्सप्लांटच्या टेबलावर. म्हणून इको सांगताना सेप्टल ई-प्राइम (हृदयाचा स्नायू किती वेगाने सैलावतो), ई भागिले ई-प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज), डाव्या एट्रियमचं (वरच्या कप्प्याचं) आकारमान आणि स्ट्रेन (ठोक्याला स्नायू किती आखडतो) हे लिहूनच मागा. ई-प्राइम सेकंदाला ७ सेंमीच्या खाली किंवा स्ट्रेन १८ टक्क्यांच्या खाली असेल, तर ६० टक्क्यांच्या ईएफवर विसंबू नये.

आकडा फसवतो तो बहुतेकदा किडनीमुळे. एनटी-प्रोबीएनपीचा निचरा बराचसा तिथूनच होतो, तेव्हा त्याच दिवशी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) हवंच. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून हातापायांचे स्नायू झडलेल्या पेशंटमध्ये १.२ क्रिएटिनिनसुद्धा निर्धोक समजू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) एनटी-प्रोबीएनपीचा आकडा चढतो, लठ्ठपणात उतरतो.

सॅम्पल पोटातलं पाणी काढण्याआधी घ्या. ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. ८ लिटरला २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या (प्रत्येकी २० ग्रॅम) साधारण ३ बाटल्या. त्या चढल्यावर घेतलेला आकडा मूळ आकडा राहत नाही. काढलेल्या पाण्याचं प्रोटीनही तपासा: सॅग (रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन यांतला फरक) १.१ किंवा जास्त हृदयविकारातही येतो आणि सिरोसिसमध्येही, पण सोबत पाण्यातलं प्रोटीन डेसीलिटरला २.५ ग्रॅमच्या वर असेल तर आधी हृदयाकडे बघावं.

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी हे दोन वेगळे आकडे आहेत. मागच्या महिन्याचा एक आणि आजचा दुसरा शेजारी ठेवून काही कळत नाही. बीएनपी प्लॅस्टिकच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये, आणि लवकर लॅबला. काचेच्या ट्यूबमध्ये तो मोडतो.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) एकदाच करून भागत नाही. सिरोसिसमध्ये तो थोडा वर असू शकतो. ३ तासांनी पुन्हा करून चढतोय का ते बघायचं. एकक मात्र नीट वाचा: एका लॅबचे १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे दुसऱ्या लॅबचे ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिली.